रोलरवरचं सोनं आणि सूर्यामागे फिरणारा सांधा

२८ ऑक्टोबर २००७. जमिनीपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर उंचीवर अंतराळवीर डॅन टानी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या उजव्या बाजूच्या एका भल्यामोठ्या सांध्यापाशी पोचले आणि त्यावरचं उष्णतारोधक आवरण त्यांनी उचललं. आत धातूचा चुरा पसरलेला होता. जो पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असायला हवा, त्यावर घासल्याच्या खुणा होत्या आणि रंगही बदललेला होता. टानींनी चिकटपट्टी त्या चुऱ्यावर दाबली, नमुना उचलला आणि सोबत आत नेला.

मी गेली बावीस वर्षं प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर चढवलेल्या मुलाम्याच्या, तपासणीत काम करतो. आमच्या टेबलावरही दिवसभर चिकटपट्टीच चालते. प्लेटिंग झालेल्या जॉबवर पट्टी घट्ट दाबायची, एका झटक्यात ओढायची आणि उजेडासमोर धरायची. पट्टी स्वच्छ निघाली तर लॉट पास. पट्टीवर सोन्याचा एखादा कण जरी चमकला तरी लॉट बाजूला. म्हणून टानींच्या त्या पट्टीबद्दल पहिल्यांदा वाचलं, तेव्हापासून हे प्रकरण माझ्या मनातून गेलेलं नाही. सौरपंख सूर्याकडे वळवणारी यंत्रणा अडखळली, एवढीच त्याची बातमी झाली. माझ्या दृष्टीने ही मुळात एका पातळ मुलाम्याची गोष्ट आहे.

सांधा कसा आहे

स्थानकाला वीज मिळते ती आठ सौरपंखांतून. एकेक पंख जवळजवळ ३५ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद. चार डावीकडे, चार उजवीकडे. स्थानक साधारण ९० मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतं, म्हणजे तिथे दिवसातून १५-१६ वेळा सूर्य उगवतो आणि मावळतो. स्थानकाची एक बाजू कायम पृथ्वीकडे असते. त्यामुळे पंखांचं तोंड सूर्याकडे धरून ठेवायचं, तर बाहेरचा सगळा भाग दर फेरीला एक पूर्ण गिरकी घेत राहिला पाहिजे. त्यासाठी डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन मोठे सांधे आहेत. त्यांचं नाव सोलर अल्फा रोटरी जॉइंट, आणि अभियंत्यांच्या तोंडी नुसतं 'सार्ज'. कक्षा आणि सूर्य यांच्यातला जो कोन हळूहळू बदलत राहतो तो सांभाळायला प्रत्येक पंखाच्या बुडाशी आणखी एक छोटी यंत्रणा असते, पण मुख्य भार या दोघांवरच.

गती फार नाही. घड्याळाचा मिनिटकाटा तासात एक फेरी करतो, सार्जला दीड तास लागतो. पण काट्यासारखाच तोही थांबत नाही. वर्षाला साडेपाच हजारांहून जास्त फेऱ्या होतात, आणि त्या फिरणाऱ्या टोकाला टनावारी वजनाचा सांगाडा लटकलेला असतो.

आतली रचना बघितली की आपल्याकडच्या कुठल्याही मेकॅनिकला ती लगेच कळेल. ३.२ मीटर व्यासाची एक पोलादी रेस रिंग, म्हणजे रोलर ज्यावर धावतात ते कडं, आहे. तिचा छेद त्रिकोणी, म्हणजे रोलर धावायला तीन पृष्ठभाग. रिंगला दाते आहेत आणि मोटारीचं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, त्या दातांत बसतं. रिंगभोवती बारा बेअरिंग संच आहेत, त्यांना ट्रंडल बेअरिंग म्हणतात. प्रत्येकात तीन रोलर, तिन्ही पृष्ठभागांवर एकेक. म्हणजे छत्तीस रोलर मिळून ही रिंग धरून ठेवतात. रिंग १५-५ पीएच जातीच्या पोलादाची, वरून नायट्रायडिंग करून कडक केलेली. रोलर ४४०-सी या कडक स्टेनलेस पोलादाचे. आणि त्या रोलरांवर सोन्याचा मुलामा.

सोनं कशासाठी

सोन्याचा मुलामा म्हटलं की आपल्याला दागिना आठवतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना कनेक्टरच्या पिना आठवतात, कारण सोनं गंजत नाही आणि संपर्क बिघडू देत नाही. इथे सोन्याकडे वंगणाचं काम दिलेलं होतं.

जमिनीवर दोन पोलादी तुकडे एकमेकांवर घासले, तर त्यांच्यामध्ये ऑक्साइडचा बारीक पापुद्रा असतो, हवेतली ओल असते. पापुद्रा घासून गेला तरी हवेतला ऑक्सिजन तो लगेच पुन्हा तयार करतो. पोकळीत ही सोय नाही. पापुद्रा एकदा गेला की कोरा धातू कोऱ्या धातूला भिडतो आणि धरून बसतो. साधं तेल उडून जातं. म्हणून अवकाशातल्या यंत्रांमध्ये कोरडं वंगण वापरतात: मॉलिब्डेनम डायसल्फाइड, शिसं, चांदी, सोनं. सोनं मऊ आहे. कडक पोलादावर त्याचा पातळ थर असला, तर दाब पोलाद सोसतं आणि सरकण्याचं काम सोनं करतं. त्यातलं थोडं समोरच्या पृष्ठभागावरही पसरतं आणि दोन्हीकडून संरक्षण मिळतं.

कल्पना चांगली आहे आणि अनेक ठिकाणी उत्तम चालते. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे थर जागेवर राहील. तो गेला तर मागे दुसरं काही नाही. तेलाच्या टाकीत जसा साठा असतो, तसा इथे नसतो.

८३ दिवस

उजवा सांधा ज्या भागात आहे तो एस-३/एस-४ सांगाडा जून २००७ मध्ये 'अटलांटिस' यानाने वर नेला. आपल्याकडे ही मोहीम वेगळ्या कारणाने लक्षात आहे. याच यानातून सुनीता विल्यम्स २२ जूनला पृथ्वीवर परतल्या. त्या खाली आल्या तेव्हा हा सांधा नुकताच कामाला लागला होता.

बसवल्यानंतर साधारण ८३ दिवसांनी, म्हणजे सप्टेंबरात, जमिनीवरच्या नियंत्रण कक्षाला मोटारीच्या आकड्यांत फरक दिसू लागला. तोच वेग राखायला मोटार जास्त विद्युतप्रवाह खेचत होती. सांध्याजवळच्या सांगाड्यात कंपनंही वाढली होती. दिवसाला १५-१६ फेऱ्या धरल्या, तर तोवर सुमारे तेराशे फेऱ्या झालेल्या. वर्षानुवर्षं फिरायच्या यंत्राच्या आयुष्यात तेराशे फेऱ्या म्हणजे अगदी सुरुवात.

मुलामा बिघडला हे कधीच मुलाम्याच्या भाषेत कळत नाही, ही या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट. कनेक्टरमध्ये तो सिग्नलचा गोंधळ म्हणून दिसतो, रिलेमध्ये शॉर्ट म्हणून. इथे तो अँपिअरच्या आलेखात दिसला. आलेख बघणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा मोटार येते, मग गिअर, मग तारा. रोलरवरचा थर शेवटी.

तपासाची पहिली शंकाही दुसरीकडेच गेली होती. सांध्यावरच्या आवरणांना चकचकीत पातळ पत्र्यासारखी फिल्म असते. ती कुठे तरी घासत असावी आणि चुरा तिचाच असावा, असं वाटलं. टानींनी चिकटपट्टीवर आणलेला चुरा स्थानकाच्या कमांडर पेगी व्हिट्सन यांनी तपासला, तोही अगदी शाळेतल्या प्रयोगासारखा. खाली लोहचुंबक धरलं. कण उभे राहिले. आवरणाची फिल्म चुंबकाला दाद देत नाही, पोलाद देतं. एका मिनिटाच्या या चाचणीने आवरणावरचा आरोप मिटला. चुरा सांध्याच्या आतल्या पोलादाचा होता. मला ही चाचणी फार आवडते. महागडं यंत्र हाताशी नसताना नेमका प्रश्न विचारला की साधी वस्तूही उत्तर देते.

त्याच मोहिमेत डावा सांधाही उघडून बघितला. तो उजव्याच्या आधी, सप्टेंबर २००६ मध्ये वर गेलेला आणि जास्त काळ फिरलेला. तो स्वच्छ होता. एकच ड्रॉइंग, एकच प्रकारचं पोलाद, तेच सोनं, आणि दोन भावांपैकी एक ठणठणीत तर दुसरा आजारी. कारखान्यात असं झालं की आम्ही ड्रॉइंग बाजूला ठेवतो आणि लॉटचे कागद काढतो.

उजवा सांधा लगेच थांबवून ठेवला आणि पुढे गरजेपुरताच हलवला. याची किंमत विजेत मोजावी लागली. पंख सूर्यामागे फिरत नसतील तर वीज घटते. आणि नेमके त्याच काळात युरोपची 'कोलंबस' प्रयोगशाळा आणि जपानची 'किबो' वर जायची होती.

रोलर कलंडला कसा

१८ डिसेंबर २००७ रोजी व्हिट्सन आणि टानी पुन्हा बाहेर पडले. या वेळी सांध्याची बारकाईने पाहणी झाली, एक बेअरिंग संच सोडवला आणि तो तपासणीसाठी पुढे पृथ्वीवर आणला. त्यानंतरचा तपास लांबलचक होता: धातूची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी, नमुन्यांवरच्या चाचण्या, रोलरांची मापं, उष्णतेची आणि ताणाची गणितं. रिंगच्या तीन धावपृष्ठांपैकी एकाची मोठी नासधूस झाली होती. निष्कर्ष असा निघाला, की रोलर आणि रिंग यांच्यातल्या संपर्काला वंगण अपुरं पडलं आणि त्यामुळे रोलरच्या कडांवर मोठा ताण आला, हेच सगळ्यात संभाव्य कारण. रोलरचा घाट आणि रिंगच्या पोलादाचे गुणधर्म यांनी त्यात भर घातली.

या एका वाक्यात बरंच काही दडलंय, म्हणून जरा थांबून बघू.

रोलर आपल्या वाटेवर अगदी सरळ बसलेला असेल, तर तो नुसता लोळतो. पण छत्तीस रोलर अगदी सरळ कधीच बसत नाहीत, केसभर तिरपेपणा राहतोच. बाजारातल्या हातगाडीचं एक चाक किंचित वाकडं असेल तर गाडी सारखी एका बाजूला ओढते, ढकलणाऱ्याच्या मनगटाला ते जाणवतं. तसंच इथे. तिरपा रोलर फिरता फिरता बाजूला जाऊ पाहतो. वंगण असेल तर तो हळूच घसरून परत आपल्या जागी येतो, कुणाला पत्ताही लागत नाही. वंगण नसेल तर तो पृष्ठभाग पकडतो, आणि बाजूचा तो जोर रोलरला कलंडवतो. आता अख्ख्या रुंदीवर पसरलेला भार एका कडेवर येतो. वजन तेवढंच, पण टेकायला जागा सुरीच्या धारेएवढी.

क्लीव्हलँडच्या, नासाच्या ग्लेन संशोधन केंद्रात हेच वेगळं काढून तपासलं गेलं. रोलरांच्या जोड्या मुद्दाम थोड्या तिरक्या बसवल्या: काही कोरड्या, काही सोन्याचा थर दिलेल्या, काही ग्रीस लावलेल्या. कोऱ्या पोलादाच्या कोरड्या जोडीत बाजूचा जोर चांगलाच मोठा निघाला आणि चुराही लगेच पडू लागला. स्थानकावर जे महिन्यांत घडलं, ते टेबलावर डोळ्यांदेखत घडलं.

राहिली रिंग. नायट्रायडिंगमध्ये पोलादाच्या वरच्या भागात नायट्रोजन मुरवतात. त्याने वरची कातडी अतिशय कडक होते, पण ती पातळ असते आणि तिच्याखालचं पोलाद त्या मानाने मऊ. उन्हाळ्यात तळं आटलं की गाळावर कडक पपडी धरते. पोरं तिच्यावरून पळतात आणि काही होत नाही. पण टाच रोवली की पपडी फुटते आणि पाय आत जातो. रोलरची कड म्हणजे ती टाच. असा दाब पडला की सगळ्यात मोठा ताण पृष्ठभागावर नाही, त्याच्या थोडा खाली येतो. तिथे तडे जातात, वाढतात, आणि कडक कातडीचे पापुद्रे उडतात. ते पापुद्रे पुढच्या रोलरखाली सापडतात आणि रिंगेवर नवे खड्डे पाडतात. एकदा हे चक्र सुरू झालं की ते स्वतःच वाढत जातं. म्हणून सांधा तातडीने थांबवण्याचा निर्णय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. वीज कमी पडत असताना 'अजून थोडे दिवस चालवून बघू' म्हणायचा मोह मोठा असतो.

थर धरतो का, हा वेगळा प्रश्न

इथे मी माझ्या टेबलाकडे येतो, कारण वंगण अपुरं पडलं याचा अर्थ ज्या थरावर वंगणाचं काम सोपवलं त्याने साथ सोडली. आणि थर साथ कसा सोडतो, हे आमच्या धंद्यात रोज दिसतं.

काही वर्षांपूर्वी स्टेनलेसच्या पिनांचा एक लॉट आमच्याकडे आला होता, निकेलवर सोनं. एक्स-रे यंत्रावर जाडी मोजली, सगळे आकडे बरोबर. रंग एकसारखा. ग्राहकाच्या माणसाने बघून मान डोलावली. मी दोन पिना भट्टीत टाकल्या आणि गरम असतानाच पाण्यात बुडवल्या. बाहेर काढल्या तर एकीच्या खांद्यावर मोहरीएवढा फोड आला होता. नखाने टोकरला तर खालून करड्या रंगाचं कोरं स्टील दिसलं. सोनं आणि निकेल दोन्ही मिळून साल निघावी तसे निघाले. शोध घेतला तेव्हा कळलं, की अॅसिडच्या टाकीतून रॅक बाहेर काढली आणि तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. रॅक काही मिनिटं हवेत टांगलेली राहिली आणि मग निकेलच्या बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणाच्या टाकीत, गेली.

काही मिनिटंच. पण स्टेनलेसला तेवढी पुरतात. त्यातल्या क्रोमियममुळे त्यावर ऑक्साइडची अदृश्य कातडी लगेच धरते. स्टेनलेस गंजत नाही ते तिच्याचमुळे, आणि प्लेटिंग धरत नाही तेही तिच्याचमुळे. म्हणून डीग्रीज करून, म्हणजे तेलकटपणा काढून, अॅसिडने ती कातडी काढून, जॉब ओला असतानाच तीव्र आम्लाच्या निकेल स्ट्राइकमध्ये, म्हणजे पहिला पातळ थर देणाऱ्या बाथमध्ये, घालावा लागतो. हातात बाकी काही नसेल तर मी नव्या मुलांना पाणी बघायला शिकवतो. धुतलेल्या जॉबवर पाणी सलग चादरीसारखं राहिलं पाहिजे. कुठे थेंब जमले, चादर फाटली, तर तिथे घाण आहे, आणि तिथे थर धरणार नाही. ४४०-सी पोलादही स्टेनलेसच. त्यावर सोनं बाथमध्ये चढवा की निर्वात पेटीत, खालचा पृष्ठभाग कोरा करायचं काम टळत नाही.

हे ज्ञान नवीन नाही. लहानपणी आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा. भाता फुंकून पातेलं तापवायचा आणि मग कथिल लावण्याआधी नवसागराची चिमूट टाकून कापसाच्या बोळ्याने आतून घासायचा. पांढरा धूर यायचा, नाकात झणझणायचं. आम्हाला वाटायचं जादू नवसागरात आहे. ती होतीच. नवसागर तांब्यापितळेवरचा ऑक्साइड काढून टाकतो, म्हणून कथिल धरतं. नवसागराशिवाय लावलेली कल्हईही पहिल्या दिवशी चमकते.

मुद्दा एवढाच, की जाडी मोजणारं यंत्र थर किती आहे ते सांगतं, धरलाय की नाही ते सांगत नाही. आणि कुठल्याही ड्रॉइंगवर जाडीचा आकडा ठळक असतो, चिकटण्याची अट खाली बारीक अक्षरांत.

अवकाशात मुलाम्याने दगा दिल्याचं याच्या आधीचं ठळक उदाहरण १९ मे १९९८ चं. 'गॅलेक्सी ४' हा दळणवळण उपग्रह बंद पडला आणि अमेरिकेतले बहुतेक पेजर एका रात्रीत मुके झाले. तिथे दोष शुद्ध कथिलाच्या मुलाम्याचा होता. कथिलातून केसाहून बारीक तंतू आपोआप उगवतात, त्यांना टिन व्हिस्कर म्हणतात. त्यांनी नियंत्रण संगणकात शॉर्ट केला. तिथे मुलामा नको तिकडे वाढला, इथे हवा तिथे राहिला नाही. दोन्हीकडे बिघडलेला थर माणसाच्या केसापेक्षा पातळ आणि बंद पडलेलं यंत्र कित्येक टनांचं.

दुरुस्ती

जमिनीवर सौर ट्रॅकर, म्हणजे पॅनेल सूर्यामागे फिरवणारी यंत्रणा, अडला तर तंत्रज्ञ ग्रीसगन घेऊन जातो. त्याचे पंख दिवसातून एकदा पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात आणि रात्री परत येतात. दुरुस्तीला रात्र मोकळी मिळते. स्थानकाच्या सांध्यावर शेवटी हाच उपाय झाला, फक्त ग्रीसगन अंतराळवीराच्या हातमोज्यात होती.

पर्याय दुसरेही होते. प्रत्येक सार्जमध्ये एक राखीव रिंगही आहे. बेअरिंग आणि मोटारी तिकडे हलवता आल्या असत्या. पण मूळ कारण वंगणाचं असेल, तर नवी रिंगही त्याच वाटेने गेली असती. तेव्हा आधी आहे तीच रिंग साफ करून, ग्रीस लावून बघायचं ठरलं. जून २००८ मध्ये 'डिस्कव्हरी'च्या मोहिमेत सफाईची पद्धत एका लहान भागावर आजमावून बघितली आणि काढलेल्या बेअरिंग संचाच्या जागी नवा बसवला. मुख्य काम नोव्हेंबर २००८ मध्ये 'एंडेव्हर'च्या मोहिमेत झालं. हायडमरी स्टेफनिशिन-पायपर, स्टीव्ह बोवेन आणि शेन किम्ब्रो यांनी चार स्पेसवॉकमध्ये, आलटूनपालटून जोडीने, ते पार पाडलं.

काम हाताचं होतं. ग्रीस लावलेल्या कापडाने चुरा टिपायचा, पत्र्याच्या सुरीसारख्या खरवडणीने चिकटलेले पापुद्रे काढायचे, कोरड्या कापडाने पुसायचं, मग रिंगेवर ग्रीसची पट्टी ओढायची. उरलेले अकरा बेअरिंग संच काढून नवे बसवायचे. ग्रीस 'ब्रेकोट' जातीचं. पोकळीतही ते जवळजवळ उडत नाही, म्हणूनच ते निवडलं. १८ नोव्हेंबरला पायपर यांच्या पिशवीतल्या एका ग्रीसगनमधून ग्रीस गळलं. ते पुसत असताना हत्यारांची अख्खी पिशवी हातातून सुटली आणि दूर निघून गेली. जगभरच्या बातम्यांत ती पिशवीच गाजली. त्या दिवशी त्यांनी काम थांबवलं नाही. जोडीदाराची हत्यारं वाटून घेतली आणि ठरलेला भाग पुरा केला. मला बातमी खरं तर ही वाटते.

त्याच मोहिमेत डाव्या, निरोगी सांध्यालाही ग्रीस लावलं. ज्याला काही झालेलं नाही त्यालाही औषध द्यायचं, हा निर्णय सोपा नसतो. एकेक स्पेसवॉकचा तास मोलाचा. पण डाव्या सांध्याचा भरवसाही त्याच पातळ थरावर होता, आणि आता त्या थराची मर्यादा ठाऊक झाली होती. मे २०११ मध्ये डाव्याला पुन्हा ग्रीस दिलं. सोन्यात आणि ग्रीसमध्ये मोठा फरक हाच आहे. ग्रीस कमी पडलं तर माणूस जाऊन आणखी लावू शकतो. सोन्याचा थर वर जाऊन पुन्हा चढवता येत नाही. जिथे माणूस पोचू शकतो अशा यंत्रात तरी वंगण भरून काढता येईल असंच असावं, असं माझं ठाम मत आहे.

परिणाम आकड्यांत लगेच दिसला. मोटारीचा प्रवाह बराच खाली आला आणि कंपनंही कमी झाली. रिंगेवरचे खड्डे बुजले नाहीत, बुजणारही नव्हते. पण रोलर आता कडेवर कलंडत नव्हते, म्हणून जुनी जखम चिघळत नव्हती. मार्च २००९ मध्ये पंखांची शेवटची जोडी उजव्या बाजूलाच, याच सांध्याच्या पलीकडे जोडली गेली. त्याच वर्षी स्थानकावर तिघांऐवजी सहा जण राहू लागले. सांधा बंद असता, तर या दोन्ही गोष्टींसाठी विजेची ओढाताण झाली असती.

आमच्या तपासणीच्या खोलीत त्या फोड आलेल्या पिनेचा फोटो अजून लावलेला आहे. नवा मुलगा रुजू झाला की मी आधी त्याला तो दाखवतो, मग सांध्याच्या रिंगेचा स्पेसवॉकमधला फोटो. दोन्हीत उडालेला पापुद्रा दिसतो, एकात मोहरीएवढा, दुसऱ्यात कित्येक मीटर. मग त्याच्या हातात चिकटपट्टीचा रोल देतो.

पंधरा वर्षांनी, जून २०२३ मध्ये, स्टीव्ह बोवेन पुन्हा स्थानकावर होते. जुने सौरपंख थकत आले होते आणि त्यांच्यासमोर गुंडाळी उलगडावी तसे उलगडणारे नवे पंख बसवायचे होते. ९ आणि १५ जूनला ते वुडी होबर्ग यांच्याबरोबर बाहेर पडले आणि दोन्ही वेळा नवे पंख बसवले ते उजव्या बाजूला. ज्या रिंगेवरचा चुरा त्यांनी २००८ मध्ये कापडाने पुसला होता, त्याच रिंगेवर आता हे नवे पंख सूर्यामागे फिरतात.